हुकूम मोडला की जबाबदारी उचलली?



स्वातंत्र्यदिनाला आणि प्रजासत्ताक दिनाला आपल्याकडे शाळेत, ग्रामपंचायतीत, कारखान्याच्या आवारात झेंडावंदन होते आणि भाषणे होतात. परमवीर चक्र मिळवलेल्या वीरांची नावे घेतली जातात. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे नाव निघाले की वक्ता हमखास एक वाक्य टाकतो : वरिष्ठांनी मागे फिर म्हणून सांगितले, पण एकवीस वर्षांच्या या पठ्ठ्याने ऐकले नाही! की लगेच टाळ्या.

टाळ्यांबद्दल तक्रार नाही. पण समोर बसलेल्या पोरांच्या डोक्यात नेमके काय शिरते, याचा विचार व्हायला पाहिजे. शूर माणूस कुणाचे ऐकत नाही, एवढेच शिरते. न ऐकणारी पोरे गावात काय कमी आहेत? त्यांना आपण आणखी एक दाखला हातात देतो. बसंतर नदीवर जे झाले ते नीट समजून घेतले तर ते अगदीच वेगळे निघते, आणि मला वाटते आपल्यासारख्या सहकारात काम करणाऱ्यांच्या ते जास्त उपयोगाचे आहे. म्हणून हा खटाटोप.

आधी नदी सांगतो. बसंतर ही रावीला मिळणारी नदी. जम्मूकडून सांबा भागातून खाली येते आणि पाकिस्तानातल्या शकरगढ भागात शिरते. नकाशात पाहिले तर शकरगढचा हा मुलूख आपल्या बाजूला पोट काढल्यासारखा पुढे आलेला दिसतो. पठाणकोटहून जम्मूला जाणारा रस्ता तिथून फार लांब नाही. शत्रूने तिथून मुसंडी मारून तो रस्ता तोडला असता तर काश्मीरकडची रसद अडली असती. त्यामुळे १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर या भागाला फार महत्त्व आले. जनरल पिंटो यांच्या ५४ व्या डिव्हिजनकडे तिथली चढाई होती. (हे पिंटोसाहेब पुढे पुण्यातच राहिले, तिथेच २०२१ मध्ये वारले.)

आता लढाईत नदी ओलांडतात म्हणजे काय करतात, ते पाहू. आपल्याला वाटते, पाणी कमी असले की झाले. पण पाणी ही सगळ्यात लहान अडचण. शत्रूने काठाच्या दोन्ही अंगांना जमिनीत सुरुंग पेरून ठेवलेले असतात, आपण सरीत कांड्या मांडतो तसे ओळीने, आणि त्या पट्ट्यावर तोफा रोखलेल्या असतात. म्हणून आधी रात्री पायदळ पलीकडे जाते आणि पलीकडच्या काठावर पाय रोवते. मागून इंजिनिअर पलटणीचे जवान सुरुंग काढून रणगाड्यांसाठी एक चिंचोळी वाट मोकळी करतात. त्या वाटेने दिवस उजाडायच्या आत रणगाडे पार झाले पाहिजेत. नाही झाले, तर पलीकडचे पायदळ सकाळी शत्रूच्या रणगाड्यांपुढे उघडे पडते. तोडणी होऊन मोळ्या बांधल्या आणि वाहनच आले नाही, तर ऊस फडातच वाळतो, हे आपल्याला माहीत आहे. इथे मोळ्यांच्या जागी माणसे होती, एवढाच फरक. आणि हा फरक लहान नाही.

त्यातून रणगाडा म्हणजे सेंच्युरियन, सुमारे पन्नास टनांचे धूड. ओल्या रानात भरलेली ट्रॉली रुतली तर काय हाल होतात, ते ज्याच्या बांधाला झाले त्यालाच ठाऊक.

१५ डिसेंबरच्या रात्री ४७ व्या ब्रिगेडचे पायदळ पलीकडे पोचले. जरपाल नावाचे ठाणे ३ ग्रेनेडियर्सने घेतले. तिथे मेजर होशियार सिंग यांनी जे केले त्याबद्दल त्यांनाही परमवीर चक्र मिळाले. जखमी असूनही युद्धबंदी होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. एकाच लढाईत दोन परमवीर! पण वाट मोकळी करायचे काम अर्ध्यावर होते. इंजिनिअर जवान तोफगोळ्यांच्या माऱ्यात, अंधारात सुरुंग काढत होते. त्यांचे मेजर विजय रतन चौधरी याच मोहिमेत कामी आले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. आपल्या भाषणांत हे नाव मी तरी कधी ऐकलेले नाही. पुढच्या सगळ्या पराक्रमाची वाट ज्यांनी बोटांनी चाचपून काढली, त्यांचे नाव वक्त्याला ठाऊक नसते. उसाच्या गाडीला हार घालून मोळी टाकतानाचा फोटो निघतो, पण त्या गाडीखालचा रस्ता कुणी केला ते फोटोत येत नाही, तसलाच हा प्रकार.

अर्धी वाट झालेली असताना पलीकडून निरोप आला की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसते आहे, आम्हाला रणगाडे पाहिजेत, आत्ता. इथे १७ पूना हॉर्स या रेजिमेंटने निर्णय घेतला : उरलेल्या सुरुंगांतून तसेच घुसायचे. कर्नल हणूत सिंग त्यांचे प्रमुख. अंधारात, पुढचा गेला त्याच्या चाकोरीतून मागचा, असे रणगाडे पार झाले.

पूना हॉर्स हे नाव ऐकून आपल्या माणसांना जरा जवळीक वाटते, आणि ती खोटी नाही. हे घोडदळ १८१७ मध्ये पुण्यात उभे राहिले. पेशवाईच्या अखेरीला इंग्रजांनी ते उभे केले, तेव्हा त्या जन्मकथेचा अभिमान बाळगावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. नाव पुण्याचे राहिले, जवान बहुतेक उत्तरेकडचे. १९६५ च्या युद्धात याच रेजिमेंटचे कर्नल अर्देशीर तारापोर यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ते जन्माने मुंबईचे. म्हणजे सहा वर्षांत एकाच रेजिमेंटला दोन परमवीर.

अरुण खेत्रपाल यांचा जन्मही पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. घराणे सरगोध्याकडचे, फाळणीत इकडे आलेले. वडील लष्करातच, इंजिनिअर दलात, म्हणजे ते सुरुंग काढणारे, पूल बांधणारे खाते. मुलगा सनावरच्या शाळेत शिकला, १९६७ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आला आणि १३ जून १९७१ रोजी पूना हॉर्समध्ये अधिकारी झाला. पुढचा भाग आपल्या जिल्ह्याचा आहे. युद्ध पेटले तेव्हा हा तरुण अधिकारी रणगाडे शिकायला आपल्याकडे, नगरला, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात होता. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, बोलताना अजून तोंडात नगर येते, तेव्हा तसेच लिहितो.) अभ्यासक्रम अर्धवट टाकून त्याला रेजिमेंटकडे परत बोलावले. सामानात त्याने गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा गणवेश घेतला होता, लाहोरला जाऊन खेळू म्हणून! वय एकवीस. या वयातला हा भाबडेपणा आहे, तो तसाच राहू द्यावा. त्यात देव शोधू नये आणि दोषही काढू नये.

राहुरी, पारनेर, नगर तालुक्यांतल्या गावांनी के. के. रेंजवरचा रणगाड्यांचा धडधडाट पिढ्यान् पिढ्या ऐकलेला आहे. रेंजच्या हद्दीवरून आणि जमिनींवरून शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे जुने आहे, ते रास्तही आहे, आणि त्याबद्दल भांडायला आपण मोकळे आहोत. पण त्या आवाजामागे कोण पोरे शिकून गेली, तेही आपल्याला माहीत असावे.

आता १६ डिसेंबरची सकाळ. धुराचा पडदा सोडून पाकिस्तानी १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे जरपालवर चालून आले. तिथे पूना हॉर्सची ‘बी’ स्क्वाड्रन होती. समोर जास्त रणगाडे बघून तिच्या प्रमुखाने वायरलेसवर कुमक मागितली. खेत्रपाल ‘बी’ मध्ये नव्हते. ते ‘ए’ स्क्वाड्रनमध्ये, थोडे मागे. हाक त्यांच्या नावाने आलेली नव्हती. सन्मानपत्रात स्पष्ट लिहिले आहे की ते स्वतः होऊन आपली तुकडी घेऊन निघाले. माझ्या मते या सगळ्या हकिकतीचे मर्म इथे आहे. शेवटच्या तासात जे झाले ते अंगावर काटा आणणारे आहे खरे, पण पहिले पाऊल इथे पडले. दुसऱ्याच्या गटातली अडचण कानावर आली आणि हा माणूस ‘ते त्यांचे बघतील’ असे म्हणाला नाही.

नदी ओलांडताना त्यांच्यावर गोळीबार सुरू झाला. मागे राहिलेली शत्रूची ठाणी आणि रणगाडाविरोधी तोफा अजून जिवंत होत्या. थांबून एकेक ठाणे निकामी करत बसले असते तर पुढे ‘बी’ स्क्वाड्रन संपली असती. त्यांनी रणगाडे थेट त्या ठाण्यांवर घातले, खंदक तुडवले, आतले लोक पिस्तूल रोखून पकडले. त्यात त्यांच्या तुकडीतला एक रणगाडाप्रमुख मारला गेला. तरी ते पुढे सरकले आणि वेळेवर पोचले. शत्रूची पहिली चाचपणी मागे फिरत होती. तिचा पाठलाग करून त्यांनी एक रणगाडा उडवला. सन्मानपत्र इथे मोकळेपणाने म्हणते की ते लढाईच्या जोशात वाहवत गेले होते. सरकारी कागदात इतके मोकळे वाक्य क्वचितच सापडते, आणि मला ते आवडले. जोश होताच. पण जोश होता म्हणून अक्कल नव्हती, असे कुठे आहे?

शत्रू पुन्हा जुळवाजुळव करून आला, या वेळी एक आख्खी स्क्वाड्रन, आणि तिने नेमकी तीच जागा निवडली जिथे आपले तीनच रणगाडे होते. एक खेत्रपालांचा. त्या रणगाड्याचे नाव ‘फॅमागुस्टा’, सायप्रस बेटावरच्या एका बंदराचे. मोठी झटापट झाली. शत्रूचे दहा रणगाडे फुटले, त्यातले चार खेत्रपालांच्या नावावर आहेत. आपल्या तिघांपैकी एक रणगाडा मारा बसून पडला, दुसऱ्याची तोफ चालेना. राहता राहिला ‘फॅमागुस्टा’. त्यालाही गोळा लागला, आग लागली, खेत्रपाल जबर जखमी झाले. वायरलेसवरून सांगणे आले, रणगाडा सोड, बाहेर पड.

ते उत्तरले, त्याचा आशय एवढाच : माझी तोफ अजून चालते आहे, मी सोडणार नाही.

आता इथे थांबून विचार करा. हुकूम देणारा अधिकारी काय चुकीचे बोलला? काहीच नाही. जळत्या रणगाड्यातल्या पोराचा जीव वाचावा, हाच त्याचा हेतू. पण समोरचे चित्र कुणाला दिसत होते? खेत्रपालांना. त्या जागेवर चालती तोफ एकच उरली आहे, शत्रू अजून पुढे येतो आहे, आणि आपण निघालो तर मागचे पायदळ आणि नदीवरची चिंचोळी वाट दोन्ही उघडी पडतात, हे त्यांना दिसत होते. शिवाय खुद्द कर्नल हणूत सिंग यांनी रेजिमेंटला बजावलेले होते की प्रत्येक रणगाडा आहे त्या जागेवर लढेल, कुणी इंचभर मागे यायचे नाही. मग मोडला कुठला हुकूम? जीव वाचवण्यासाठी मिळालेली सवलत त्यांनी घेतली नाही, एवढेच. आणि का घेत नाही तेही सांगितले. न सांगता, न कळवता मनाला येईल ते करणे वेगळे, आणि कारण सांगून जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेणे वेगळे. पहिल्याला आमच्याकडे आडमुठेपणा म्हणतात.

जळत्या रणगाड्यातून त्यांनी आणखी एक रणगाडा फोडला. मग दुसरा गोळा बसला. त्यात ते गेले. रणगाड्यात एकटा माणूस नसतो, चार असतात. वायरलेस सांभाळणारा त्यांचा सोबतीही गेला, बाकी दोघे जखमी झाले. शत्रूला ती फळी फोडता आली नाही. त्याच दिवशी तिकडे ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, पश्चिमेकडेही युद्ध थांबले. एक दिवस! आईबापाच्या मनात हा एक दिवस किती वर्षे राहिला असेल.

वडिलांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००१ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी ब्रिगेडियर खेत्रपाल आपले मूळ गाव पाहायला पाकिस्तानात गेले. ज्यांच्या घरी उतरले ते निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. फार मानाने ठेवून घेतले. निघायच्या आधी त्या यजमानांनी सांगितले की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला, त्या दिवशी समोर मी होतो. आणि त्याच्या शौर्याला सलाम केला. पाहुण्याने काय केले? आदळआपट नाही, शिव्याशाप नाहीत. सैनिकाने सैनिकाचे काम केले म्हणून समजून घेतले. आपल्याकडे बांधावरून तीन पिढ्या बोलणे बंद असते.

‘फॅमागुस्टा’ पुढे दुरुस्त होऊन आपल्या नगरच्या आर्मर्ड कोअर केंद्रात ठेवला गेला. त्याच गावात रणगाड्यांचे संग्रहालयही आहे, १९९४ पासून. शाळांच्या सहली शिर्डी-शिंगणापूरला जातात, जाव्यातच. वाटेत हे संग्रहालय दाखवायला तासभर पुरे होतो.

कुणी म्हणेल, हे अधिकाऱ्याच्या घरचे, मोठ्या शाळेत शिकलेले. आपल्या मातीतला कोण? तोही नदीवरचाच सांगतो. संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतले साधे शिपाई, कंपनीचे निरोप पोचवणारे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या बरोबरची तुकडी जवळजवळ सगळी पडली. या माणसाने आधी जखमींना उचलले. खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकाला पोचवले, परत येऊन दुसऱ्याला. आणि मग तिसऱ्यांदा जाऊन मशीनगनची ठाणी एकामागून एक बंद केली. हाताला गोळी लागून बंदूक चालेना तेव्हा हातबॉम्बने. शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची गर्जना करत मागच्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्ध इंग्रजांचे होते, हे खरे. पाण्यातून उचलून आणलेली माणसे मात्र आपली होती. तिथेही हुकूम कुणी दिलेला नव्हता.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे पान अडवले.

आपल्या सभासदांत आजी-माजी सैनिकांची घरे थोडी नाहीत. घरचा कर्ता सीमेवर, शेतात म्हातारे आईवडील किंवा एकटी बाई. लागणीची नोंद वेळेवर होते, चिटबॉय येऊन क्षेत्र मोजून जातो. पण तोडीचा हंगाम आला की काय होते? ज्याच्या घरी चार माणसे हेलपाटे घालायला आहेत, गट ऑफिसात ज्याचे बसणे-उठणे आहे, त्याला तोड आधी मिळते. जी बाई ओसरीवर वाट बघत बसते, तिच्या उसाला तुरे येतात. टोळी आली तरी ‘खुशाली’ मागते, वाहनवाला ‘एंट्री’ मागतो. ऊस उभा वाळवण्यापेक्षा दिलेले बरे, म्हणून ती देते. मुलगा रजेवर आला की त्याला सांगत नाही, उगीच डोक्याला ताप नको म्हणून. हे सगळ्याच कारखान्यांत कमी-जास्त चालते, आपल्याकडेच आहे असे नाही. पण आपल्याकडे नाही, असेही कुणी छातीवर हात ठेवून म्हणू नये.

दोष कुणाचा, असे विचारले की उत्तर ठरलेले. गट ऑफिस म्हणते टोळ्या कमी आहेत. मुकादम म्हणतो शेतकी खाते सांगेल तसे. शेतकी खाते म्हणते वाहने नाहीत. शेजारचा सभासद म्हणतो, त्यांचे ते बघतील. वायरलेस सगळ्यांच्या कानाला आहे, हाक सगळ्यांना ऐकू येते, आणि प्रत्येक जण दुसऱ्या स्क्वाड्रनचा आहे.

वारस नोंदीचेही तसेच. जवान गेला, त्याच्या नावचा भाग बायकोच्या नावावर व्हायला कागदांमागून कागद. प्रत्येक कागद नियमाने बरोबर असतो. पण मधल्या काळात तिची ऊसनोंद, तिची सभासद साखर, तिचे मत, सगळे लोंबकळत राहते. यात कुणी मुद्दाम छळतो असे माझे म्हणणे नाही. पुढे होऊन ‘हे माझ्याकडे द्या, मी पूर्ण करून देतो’ म्हणणारा एक कारकून लागतो. असे कारकून आहेतही, आणि ते कोण आहेत हे त्या बायांना बरोबर ठाऊक असते.

मान्यवर मंडळी यावर म्हणतील की सैनिकाच्या उसाला आधी तोड दिली तर बाकीचे सभासद तक्रार करतील, नियम सर्वांना सारखा. अगदी बरोबर. मी आधी मागतच नाही. लागणीच्या तारखेप्रमाणे जी पाळी येते तीच द्या, फक्त त्या पाळीला द्या, आणि वर एक पैसा न घेता द्या. त्यासाठी प्रत्येक गटात अशा घरांची यादी करून ती गट ऑफिसच्या भिंतीवर लावा, पाळीची तारीख आणि प्रत्यक्ष तोडीची तारीख शेजारी शेजारी लिहून. लपवायचे काही नसेल तर अडचण काय? आणि ही पद्धत बरी वाटली तर पुढच्या हंगामात सगळ्यांच्याच उसाला लावा. मग सैनिकांच्या घरांनी कारखान्याला शिस्त लावली असे होईल. आमची काही हरकत नाही.

वारस नोंदीसाठी एक माणूस नेमून द्यावा. नवी भरती नको, आहे त्यातलाच, आठवड्यातून एक दिवस. त्याचे नाव फलकावर असावे.

या दोन्ही गोष्टींचा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा माझा विचार आहे. सूचक म्हणून सही मी करतो. अनुमोदक लागेल, आणि तो शक्यतो ज्याच्या घरात कुणी सैन्यात नाही असा सभासद असावा. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभेच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत मुख्य कार्यालयात शेअर्स विभागाकडे आपले नाव आणि सभासद क्रमांक कळवावा.

— एक ऊस उत्पादक सभासद